नकाराधिकार कोणाचा?

इंग्लंडच्या राणीच्या नावाचं अभियांत्रिकी पारितोषिक २०१३ साली पहिल्यांदा दिलं गेलं. रक्कम दहा लाख पौंड, विषय इंटरनेट आणि वेब, मानकरी पाच. रॉबर्ट कान आणि व्हिंट सर्फ टीसीपी-आयपीसाठी (इंटरनेटवर संगणकांनी एकमेकांशी बोलायची नियमावली), टिम बर्नर्स-ली वेबसाठी, मार्क अँड्रीसन मोझेइक ब्राउझरसाठी. ही चार नावं आपल्याकडच्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पोरांनी कुठे ना कुठे ऐकलेली असतात. पाचवं नाव लुई पुझँ. वय तेव्हा ८२, फ्रेंच, आणि ज्या कामासाठी हा मान मिळाला ते काम त्यांच्याच देशाच्या सरकारने आधी पैसे देऊन उभं केलं आणि मग पैसे तोडून संपवलं.

'उपेक्षित प्रतिभावंत' या साच्यात पुझँ यांना बसवायची मला हौस नाही. माणूस चांगला शंभर नंबरी तंत्रज्ञ होता, मानसन्मानही पुष्कळ मिळाले. मला त्यांच्या कारकिर्दीतून एकच प्रश्न पुढे आणायचा आहे, कारण तो आज आपल्या दारात उभा आहे. सरकारी पैशावर चाललेलं संशोधन थांबवायचा अधिकार कोणाकडे असावा? पैसा किती, यावर आपण दर फेब्रुवारीत अर्थसंकल्पानंतर भांडतो. थांबवणारा हात कोणाचा, यावर कोणी अवाक्षर काढत नाही.

पुझँ १९३१ सालचे, मध्य फ्रान्सच्या निएव्र भागातल्या एका खेड्यात जन्मलेले. शिक्षण एकोल पॉलिटेक्निकमध्ये. तिथून बाहेर पडणारी माणसं सरकारी खात्यांच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसतात, असा तिथला रिवाज. हे मात्र संगणकाकडे वळले आणि १९६३ मध्ये अमेरिकेत एमआयटीला गेले. तिथे सीटीएसएस नावाची प्रणाली आकार घेत होती. एकाच महागड्या यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी बसून काम करायचं, ही त्या काळी नवलाची गोष्ट. पुझँ यांनी तिथे 'रनकॉम' लिहिला. आज्ञांची यादी फाइलमध्ये लिहून ठेवायची आणि ती फाइलच एका आज्ञेसारखी चालवायची, एवढंच त्याचं काम. पुढे याच कल्पनेला त्यांनी 'शेल' हे नाव दिलं. हिंजवडीत बसून रोज टर्मिनल उघडणारा प्रत्येक जण ते वापरतो. लिनक्समधल्या 'बॅशआरसी' फाइलच्या शेपटातलं 'आरसी'ही रनकॉमचंच. परतल्यावर त्यांनी फ्रान्सच्या हवामान खात्यासाठी एक ऑपरेटिंग सिस्टीम बांधली. ती पंधरा वर्षं चालली. हा भाग मी भरभर सांगतो आहे, कारण खरी कथा पुढची आहे.

साठीच्या दशकात फ्रान्सला दोन चपराका बसल्या. त्यांच्या अणुकार्यक्रमासाठी लागणारा मोठा संगणक विकायला अमेरिकेने परवानगी नाकारली, आणि बुल ही त्यांची स्वतःची संगणक कंपनी १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या घशात गेली. द गॉल यांच्या सरकारने मग १९६६ मध्ये 'प्लां काल्क्यूल' आखला. सीआयआय नावाची संगणक कंपनी उभी राहिली, १९६७ मध्ये इरिया ही संशोधनसंस्था निघाली, आणि तिला जागा मिळाली पॅरिसजवळ रोकांकूरला, नाटोच्या सैन्याने रिकाम्या केलेल्या आवारात. सरकारने संगणकासाठी एक वेगळं कार्यालयही थाटलं, ते पुढे मॉरिस आलेग्र यांच्या हाताखाली आलं. या कार्यालयाने १९७१ च्या सुमारास पुझँ यांना बोलावून सांगितलं, सरकारी आणि विद्यापीठांतले संगणक जोडणारं एक नेटवर्क करा. त्याचं नाव सिक्लाद.

पुझँ अमेरिकेत जाऊन आर्पानेट, म्हणजे तिथल्या संरक्षण खात्याच्या आर्पा संस्थेचं संगणक-नेटवर्क, जवळून बघून आले. ते जसंच्या तसं उचलायला त्यांनी नकार दिला, आणि त्यांच्या कारकिर्दीचा कळस तो हाच नकार. आर्पानेटमध्ये मजकुराचे तुकडे करून बनवलेली पाकिटं क्रमाने आणि न हरवता पोचवण्याची बरीचशी जबाबदारी नेटवर्क स्वतः उचलायचं. पुझँ म्हणाले, नेटवर्कने एवढं शहाणं व्हायची गरज नाही. फरक असा समजा: वऱ्हाडासाठी एकच बस ठरवली की रस्ता ठरला, बसायचा क्रम ठरला, आणि बस बंद पडली की अख्खं वऱ्हाड घाटात. त्याऐवजी ज्याने त्याने आपापल्या सोयीने यायचं, कोणी एसटीने, कोणी रेल्वेने. माणसं मोजायची ती थेट मांडवात, आणि जो पोचला नाही त्याला तिथूनच निरोप धाडायचा. सिक्लादमध्ये प्रत्येक पाकीट असं सुटं प्रवास करायचं. त्याला डेटाग्राम म्हणतात. क्रम लावणं, हरवलेलं पुन्हा मागवणं हे दोन टोकांच्या संगणकांचं काम. मधल्या यंत्रांनी पाकीट पुढे ढकलायचं आणि विसरून जायचं. ही मधली यंत्रं सीआयआयचे मित्रा-१५ नावाचे छोटे संगणक होते. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये तीन संगणक आणि मध्ये एक मित्रा अशी जोडणी लोकांना चालवून दाखवली गेली.

याच सुमारास पुझँ यांचे सहकारी जेरार ल लान स्टॅनफर्डला सर्फ यांच्याकडे जाऊन काम करून आले. सर्फ आणि कान यांचा नेटवर्कांचं नेटवर्क कसं जोडावं यावरचा प्रसिद्ध निबंध मे १९७४ चा. त्याच्या आभारांत पुझँ यांचं आणि सिक्लादमधलेच त्यांचे साथीदार ह्युबेर झिमरमान यांचं नाव आहे. डेटाग्रामची कल्पना इंटरनेटच्या पायात गेली. आज तुम्ही फोनवर हा मजकूर वाचताय तो सुट्या पाकिटांतच आलेला आहे.

आता दुसरी बाजू. फ्रान्समध्ये तारा मालकीच्या होत्या पीटीटीच्या, म्हणजे टपाल-तार-टेलिफोन खात्याच्या. सिक्लाद ज्या लाइनींवर चालत होतं त्याही त्यांच्याच. या खात्याच्या प्रयोगशाळेतही पाकिटांवर काम सुरू होतं, आणि रेमी देप्रे यांच्यासारखी हुशार माणसं ते करत होती. पण त्यांची वाट वेगळी होती. आधी नेटवर्कच्या पोटातून एक ठरलेला आभासी मार्ग आखायचा, मग त्यावरून पाकिटं क्रमाने पाठवायची. टेलिफोनच्या माणसाला हे आपसूक पटतं. मार्ग ठरला की हमी देता येते, मोजता येतं, आकारता येतं. डेटाग्राममध्ये सगळं शहाणपण टोकाच्या संगणकांकडे, म्हणजे गिऱ्हाइकाकडे आणि संगणक कंपन्यांकडे जातं. तारवाल्याला उरते नुसती हमाली. १९७६ मध्ये पुझँ यांनी या वादावर लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच 'तांत्रिक आणि राजकीय अडचणी' असे शब्द होते. आडपडदा ठेवायचा स्वभाव नव्हता.

त्याच वर्षी जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार समितीने एक्स-२५ हे मानक मंजूर केलं. आभासी मार्गाचं. समितीत मतं कोणाची? देशोदेशीच्या टेलिफोन खात्यांची. फ्रान्समध्ये तोवर वारं फिरलं होतं. १९७४ मध्ये जिस्कार देस्तँ राष्ट्राध्यक्ष झाले, आलेग्र यांचं कार्यालय गुंडाळलं गेलं, सीआयआय पुन्हा अमेरिकी भागीदाराशी जोडली गेली. सिक्लादला आता सरकारात वाली उरला नाही, आणि नेटवर्क म्हणजे काय हे सांगायचा अधिकार सरसकट पीटीटीकडे गेला. तिचं एक्स-२५ वरचं ट्रान्सपॅक नेटवर्क १९७८ च्या डिसेंबरात सुरू झालं. सिक्लादचे पैसे आटत गेले आणि १९८१ मध्ये नेटवर्क बंद पडलं.

या कथेतून लोक दोन निष्कर्ष काढतात, आणि दोन्ही मला पटत नाहीत.

पहिला फ्रेंच हळहळीचा: सिक्लाद तोडलं नसतं तर इंटरनेट फ्रेंच असतं. नसतं. आर्पानेटमागे अमेरिकी संरक्षण खात्याची तिजोरी होती, अनेक विद्यापीठं होती, आणि १९८३ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममधून टीसीपी-आयपी कॉलेजाकॉलेजात पोचलं. वीसेक ठिकाणं जोडलेलं एक फ्रेंच नेटवर्क जगभर पसरलं असतं, हे मानायला फार मोठी देशभक्ती लागते. फ्रान्सने काय गमावलं, तर पुढची पंधरा वर्षं इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्यांच्या टेबलावर बसायची जागा.

दुसरा निष्कर्ष आपल्याकडे जास्त लाडका: सरकारने असल्या भानगडीत पडूच नये, बाजारावर सोडावं. हे तर वस्तुस्थितीलाच धरून नाही. सिक्लाद सरकारी होतं आणि आर्पानेटही सरकारीच. दोघांचा पैसा करदात्याचाच. उलट अमेरिकेतली खाजगी टेलिफोन कंपनी, एटी अँड टी, पाकिटांच्या कल्पनेला पीटीटीइतकीच नाकं मुरडत होती. साठीच्या दशकात रँड संस्थेचे पॉल बॅरन हीच कल्पना घेऊन गेले तेव्हा तिथल्या इंजिनिअरांनी त्यांना हे चालणारच नाही म्हणून वाटेला लावलं. पुढे आर्पानेट चालवायला घेता का, असं विचारलं तेव्हाही कंपनी नको म्हणाली.

नको म्हणाली, आणि काही बिघडलं नाही. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. टेलिफोनवाल्यांचा नकार दोन्ही देशांत होता. नकाराधिकार फक्त एकाच देशात होता. एटी अँड टीच्या नापसंतीला आर्पाच्या बजेटमध्ये शून्य किंमत होती. फ्रान्समध्ये मात्र १९७४ नंतर ज्याचा धंदा या संशोधनामुळे पातळ होणार, त्यालाच विचारलं गेलं, बाबा रे, हे चालू ठेवू का?

पीटीटीवाले मूर्ख किंवा खलनायक होते असं मी म्हणत नाही. सत्तरीच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये निम्मे लोक फोन मिळायची वाट बघतात आणि उरलेले डायल टोनची, असा विनोद सांगितला जायचा. ज्यांनी आपल्याकडे ओवायटीत, म्हणजे जादा अनामत भरून फोन लवकर मिळवायच्या योजनेत, नंबर लावून वर्षं काढली त्यांना यातली कळ समजेल. याच खात्याने दहाएक वर्षांत ती यंत्रणा सुधारली, वर मिनिटेल दिलं. १९८२ पासून फ्रेंच घरांत एक छोटा पडदा आणि कीबोर्ड फुकट पोचू लागला, त्यावर टेलिफोनची यादी, रेल्वेचं तिकीट, बँक, आणि रात्री उशिरा चावट गप्पासुद्धा. आपल्या घरी तेव्हा दूरदर्शनवर दोन चॅनेलंही धड नव्हती. मिनिटेल थेट २०१२ पर्यंत चाललं. हे यश खोटं नाही.

त्यांची तांत्रिक भीतीही अगदीच पोकळ नव्हती. कोणी वाहतूक आवरणारा नसेल तर नेटवर्क तुंबेल, असं ते म्हणत. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये इंटरनेट तुंबलंच. बर्कलीच्या टेकडीवरची लॉरेन्स प्रयोगशाळा आणि खालचं विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड. त्या दोघांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. चाळीस हजार नव्हे, चाळीस. एका सेकंदात पाच अक्षरं. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय काढला, तो टोकाच्या संगणकांतल्या सॉफ्टवेअरमध्ये. पाकीट हरवलं म्हणजे पुढे गर्दी आहे असं समजायचं आणि आपला वेग आपणच कमी करायचा. मधल्या तारा, मधली यंत्रं जशीच्या तशी राहिली. नेटवर्कच्या मालकाकडे अर्ज करावा लागला नाही, जिनिव्हाच्या समितीची बैठक भरवावी लागली नाही. पुझँ यांचं म्हणणं बरोबर होतं याला मला यापेक्षा मोठा पुरावा माहीत नाही: व्यवस्था चुकली, तरी ती दुरुस्त करायला परवानगी लागली नाही.

याउलट मिनिटेलच्या कौतुकाची किंमत बघा. सेवा देणारे खाजगी होते, पण पैशाचा गल्ला आणि मंजुरीचा शिक्का दूरसंचार खात्याचा. हा गल्ला छान भरत होता, म्हणून तो सोडवेना. सत्तरीच्या उत्तरार्धात खात्याचे प्रमुख असलेले जेरार तेरी यांनी १९९४ मध्ये सरकारला माहिती महामार्गांवर अहवाल दिला, त्यात इंटरनेट व्यापारी सेवांसाठी फारसं योग्य नाही असा सूर होता. वर्ष १९९४! वेब तेव्हा जगभर पसरू लागलं होतं.

आपल्याकडे काय झालं? १९८६ मध्ये अर्नेट हे शिक्षण-संशोधन संस्थांचं नेटवर्क सुरू झालं. पाच आयआयटी, बंगळुरूची आयआयएससी, मुंबईत जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर-संशोधन संस्था आणि दिल्लीतलं इलेक्ट्रॉनिक्स खातं अशी जोडणी, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची मदत. एनसीएसटीचे श्रीनिवासन रमणी यांचा त्यात मोठा वाटा. आपल्या नशिबाने हा प्रकल्प दूरसंचार खात्याच्या नव्हे, इलेक्ट्रॉनिक्स खात्याच्या झोळीत पडला. अर्नेटने टीसीपी-आयपी आणि युरोपात गाजावाजा झालेली तिची प्रतिस्पर्धी नियमावली ओएसआय या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवल्या. १९९५ नंतर जवळपास सगळी वाहतूक टीसीपी-आयपीवर गेली. वापरणाऱ्यांनी वापरून निकाल दिला.

सामान्य माणसाच्या इंटरनेटचं नशीब इतकं बरं नव्हतं. ते १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी दूरसंचार कंपनीच्या हातून आलं, आणि व्हीएसएनएलचं पोट भरत होतं परदेशी फोनकॉलवर. म्हणून इंटरनेटवरून फोन करायला बंदी. न्यू जर्सीतल्या मुलाशी बोलताना घड्याळाच्या काट्याकडे बघणाऱ्या आईबापांनी ही बंदी अंगावर घेतली. ती उठली १ एप्रिल २००२ ला. व्हीएसएनएलची परदेशी कॉलची मक्तेदारी संपली तीही १ एप्रिल २००२ लाच. तंत्रज्ञान त्या दिवशी सकाळी अचानक सुरक्षित झालं, असं ज्याला मानायचं असेल त्याने मानावं.

२०१४ च्या डिसेंबरात एअरटेलने इंटरनेट कॉलसाठी वेगळे पैसे घ्यायचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर मागे घेतलं. पुढच्या वर्षी ट्राय या दूरसंचार नियामकाकडे दहा लाखांवर ईमेल गेले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळा दर लावायला मनाई केली. ट्राय त्या वेळी कंपन्यांच्या खिशात नव्हती, ही मोठी गोष्ट. २०२३ पासून तारवाल्यांचं जुनं गाणं नव्या चालीत सुरू आहे: व्हिडिओ आणि मेसेजवाल्या कंपन्या आमच्या रस्त्यावरून फुकट जातात, त्यांनी 'वाजवी वाटा' द्यावा. हमाली नको, मालकी हवी. पुझँ यांनी ऐकलं असतं तर त्यांना १९७६ आठवलं असतं.

ते स्वतः म्हातारपणीही गप्प बसले नाहीत. लॅटिन लिपी न वाचणाऱ्यांना आपल्या लिपीत इंटरनेटचे पत्ते मिळायला हवेत, यासाठी ते विशीच्या उत्साहाने भांडत राहिले. २०१४ मध्ये '.भारत' देवनागरीत आलं, मराठी आणि कोकणीसकट, त्यामागे अशाच अनेक देशांतल्या लोकांचा रेटा होता. पुझँ त्याही पुढे गेले. पत्त्यांचं एकच मूळ कोष्टक आयकान या अमेरिकेतल्या संस्थेकडे का, म्हणून त्यांनी 'ओपन-रूट' नावाने समांतर कोष्टक काढलं. इथे मी त्यांच्यासोबत नाही. एकच पत्ता दोन माणसांना दोन घरी नेऊ लागला तर पत्त्याला अर्थ राहत नाही. पण माणूस आयुष्यभर एकाच जागी बोट ठेवत होता, हे मान्य करावं लागतं.

आता आपल्या पैशाकडे येऊ. भारत संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. तो वाढवायला २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा झाला. पाच वर्षांत ५० हजार कोटी, त्यातला मोठा हिस्सा उद्योगांकडून यावा अशी अपेक्षा. २०२५ मध्ये एक लाख कोटींचा संशोधन आणि नवोपक्रम निधी मंजूर झाला. सहाव्या पिढीच्या मोबाइल नेटवर्कसाठी वेगळी आघाडी आहे. हे सगळं चांगलं आहे. उद्योगाने पैसे घालावेत, जरूर घालावेत. पण जो पैसे घालतो तो निवडीच्या आणि आढाव्याच्या समितीत बसतो, आणि तो बसला की प्रश्न विचारतो, याचा आम्हाला उपयोग काय? बरेचदा हा योग्य प्रश्न असतो. पाचात एकदा तो प्रश्न पीटीटीचा असतो.

यावर उपाय म्हणून मला क्रांती नको आहे. दूरसंचार कंपनीचा माणूस समितीत असू द्या, त्याला लाइनी आणि गिऱ्हाईक कळतात, त्याचा सल्ला घ्या. फक्त ज्या प्रकल्पामुळे त्याच्या कंपनीचा महसूल कमी होण्याची शक्यता आहे, तो बंद करायच्या बैठकीत त्याला मत नको. बंद करायचा असेल तर कारण लिहून प्रसिद्ध करा. सिक्लाद तांत्रिक निकषावर पडलं की खात्यांच्या साठमारीत, हे फ्रान्समध्ये त्या वेळीच कागदावर आलं असतं तर निदान वाद तरी कशावर घालायचा ते कळलं असतं. आणि एकाच विषयाचा पैसा एकाच खात्याकडे कोंडून ठेवू नका. अर्नेट वाचलं ते इलेक्ट्रॉनिक्स खातं दूरसंचार खात्याहून वेगळं होतं म्हणून, आणि ते वेगळेपण आपण ठरवून केलेलं नव्हतं. दोन खाती एकच काम करतात म्हणून लेखापरीक्षक ओरडतील. ओरडू द्यावं.

अशा निधीची मार्गदर्शक तत्त्वं आपल्याकडे जाडजूड निघतात, पात्रता, टप्पे, परतफेड सगळं असतं. त्यात आणखी एक पान घाला: समितीतल्या प्रत्येक नावासमोर त्या माणसाचं किंवा त्याच्या संस्थेचं उत्पन्न कुठून येतं, ते छापा. याला एक लाख कोटींतले किती रुपये लागतील?